वाचकांचे प्रश्न : ध्येय ठरवताना स्वभावाचे काय?

संकल्प, ध्येये आणि ती तडीस न जाण्याची कारणे या विषयावर वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझे वय ४४ असून मी नाशिकमधील एका पतसंस्थेत हिशेब विभागात काम करते. दरवर्षी गुढीपाडव्याला नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी संकल्प लिहिते : दहा किलो वजन कमी करणे, इंग्रजी संभाषण सुधारणे, महिन्याला दोन पुस्तके वाचणे. चैत्र संपण्याच्या आत सारे बारगळते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझी नणंद फोनवर पावले मोजते, दर महिन्याला स्वतःचाच विक्रम मोडते आणि मला सांगते, ‘बारीक झाल्यावर तू कशी दिसशील ते चित्र डोळ्यांसमोर ठेव.’ त्या चित्राने मला उत्साह येण्याऐवजी दडपण येते. आईला मधुमेह होता आणि गेल्या तपासणीत माझेही एचबीए१सी (रक्तातील साखरेची तपासणी) ५.९ आले, त्यामुळे व्यायाम टाळून चालणार नाही हे कळते. सासऱ्यांच्या औषधांची वेळ चार वर्षांत मी कधी चुकवलेली नाही, आमच्या भिशीचा हिशेबही माझ्याकडेच असतो. मग स्वतःच्याच बाबतीत मी इतकी आळशी का?

उत्तर : आळशी माणसाच्या हाती भिशीचा हिशेब कोणी देत नाही, तेव्हा तो शब्द प्रथम बाजूला ठेवू. तुम्ही ज्या गोष्टी न चुकता करता त्यांकडे नीट पाहिले, तर त्या सगळ्या एकाच जातीच्या आहेत असे दिसेल. औषध चुकले तर सासऱ्यांना त्रास होईल, हिशेब चुकला तर चारचौघींचा विश्वास उडेल; म्हणजे काही बिघडू न देणे, हाती आहे ते जपणे, यासाठी तुम्ही कष्ट घेता. वहीच्या पहिल्या पानावरचे संकल्प मात्र सगळे काही तरी नवे मिळवण्याचे आहेत. ती भाषा तुमच्या नणंदेची आहे, तुमची नाही.

या फरकाचा शास्त्रशुद्ध अभ्यास न्यू यॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ टोरी हिगिन्स यांनी केला आणि १९९७ मध्ये तो विस्ताराने मांडला. त्यांच्या मते काही माणसांची नजर प्रामुख्याने लाभावर, प्रगतीवर असते, तर काहींची सुरक्षिततेवर आणि जबाबदारीवर. दोन्ही प्रकारची माणसे तेवढीच कष्टाळू असू शकतात, आणि एकाच माणसात दोन्ही वृत्ती कमीअधिक असतातच. पण ज्याची नजर लाभावर आहे त्याला कौतुकाने जोर चढतो, आणि ज्याची नजर जपणुकीवर आहे त्याला काही निसटते आहे अशी सूचना मिळाली की तो अधिक नेटाने कामाला लागतो. पेनलोपी लॉकवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की पहिल्या प्रकारच्या विद्यार्थ्यांना यशस्वी व्यक्तीचे उदाहरण उभारी देत होते, तर दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्यांना जे टाळायचे त्याचे उदाहरण अधिक कामाला लावत होते. नणंदबाईंनी दाखवलेले सुंदर चित्र तुम्हाला हलवत नाही आणि तपासणीतील ५.९ हा आकडा मात्र मनातून जात नाही, याचे नवल वाटायला नको.

तेव्हा व्यायामाचा संकल्प नव्याने लिहा. ‘दहा किलो कमी करीन’ याऐवजी ‘पुढच्या तपासणीत एचबीए१सी ५.९ च्या वर जाऊ देणार नाही’ असे लिहिले, तर तुम्ही आपोआप आपल्या सवयीच्या भूमिकेत येता, कारण एखाद्या खात्याची शिल्लक घसरू न देणे हे तुमचे रोजचेच काम आहे. ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था मानली जाते आणि ही तपासणी साधारणपणे मागील तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक अंतराने ती पुन्हा करून आकडा त्याच वहीत नोंदवता येईल. दहा किलोंचा आकडा कुठून आला हे तुम्ही लिहिलेले नाही. बहुधा तो गोल आहे म्हणूनच आला असावा. मधुमेह टाळण्याविषयी अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सहभागी व्यक्तींना वजनाच्या सात टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढेच उद्दिष्ट दिले होते, आणि तेवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण औषधी गुण नसलेली गोळी दिलेल्या गटाच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी कमी झाले होते. सत्तर किलो वजनाच्या व्यक्तीसाठी सात टक्के म्हणजे पाच किलोंच्या आसपास.

मात्र भाषा बदलली तरी चालणे कधी, हा प्रश्न उरतोच. सासऱ्यांचे औषध तुम्ही विसरत नाही, कारण ते जेवणाशी जोडलेले आहे. चालणे कशाशीच जोडलेले नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी ‘अमुक प्रसंग आला की मी तमुक करीन’ अशा नेमक्या ठरवण्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांच्या या कल्पनेवर आधारलेला, इंग्लंडमधील विद्यार्थ्यांवरचा २००२ चा एक प्रयोग मला या संदर्भात फार बोलका वाटतो. एका गटाला व्यायामाचे महत्त्व पटवून दिले, दुसऱ्या गटाला ते पटवून शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कोठे व्यायाम करणार हे लिहून घेतले, तिसऱ्याला यांपैकी काहीच सांगितले नाही. पुढील आठवड्यात एकदा तरी व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण नुसते महत्त्व पटवलेल्या गटात ३५ टक्के होते, म्हणजे काहीच न सांगितलेल्या गटातील ३८ टक्क्यांहून जास्त मुळीच नव्हते. वेळ आणि जागा लिहिलेल्या गटात ते ९१ टक्के होते. व्यायामाचे महत्त्व तुम्हाला आणखी कोणी पटवून देण्याची गरज नाही, हे यावरून लक्षात यावे. ‘कार्यालयातून आले की पर्स ठेवायची, पण घरात बसायचे नाही, तशीच कॉलनीला चार फेऱ्या मारून यायचे’ असे एक वाक्य लिहा, आणि सासऱ्यांना बरोबर येणे झेपत असेल तर त्यांनाही घ्या, कारण दुसऱ्यासाठी ठरवलेली वेळ तुम्ही मोडत नाही, हे तुम्हीच कळवले आहे.

पाडव्याच्या मुहूर्ताबद्दलही सांगायला हवे. नवे वर्ष, नवा महिना, वाढदिवस अशा दिवशी माणसे संकल्पाकडे अधिक वळतात, असे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांना २०१४ मध्ये आढळले, त्यामुळे पाडव्याची निवड चुकीची नाही. अडचण एवढीच की एक दिवस चुकला की तुमच्यासारखी काटेकोर व्यक्ती सगळे पान रद्द समजते आणि पुढच्या पाडव्याची वाट पाहते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ स्वयंसेवकांवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस, तर कोणाला २५४ दिवस लागतील असे दिसले, सरासरी ६६ दिवसांच्या आसपास होती, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडत नव्हता. हिशेबात एक नोंद राहिली तर तुम्ही वही फाडत नाही, दुसऱ्या दिवशी नोंद करून पुढे जाता. इथेही तेच करावे.

इंग्रजी आणि पुस्तके यांबद्दल तुम्ही एक अक्षरही कारण लिहिलेले नाही. रॉचेस्टर विद्यापीठातील एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी प्रेरणेचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत एक आहे तो ‘करायला हवे, नाहीतर लाज वाटेल’ या जातीचा. बाहेरून कोणी सक्ती करत नाही, पण माणूस आतून स्वतःलाच टोचत राहतो. अशी ध्येये यादीत दरवर्षी येतात आणि दरवर्षी मोडतात. इंग्रजीची कामात खरोखर गरज असेल तर ती गरज स्पष्ट लिहा. नसेल तर दोन्ही संकल्प या वर्षी खुशाल खोडून टाका.

प्रश्न : मी मूळचा बीड जिल्ह्यातला, वय २६. पुण्यात पेठेतल्या खोलीवर राहून राज्यसेवेची तयारी करतो, हा माझा तिसरा प्रयत्न आहे. यशस्वी उमेदवारांच्या मुलाखती पाहून मी रोज १४ तास अभ्यास आणि पहिल्या पन्नासांत क्रमांक असे ध्येय ठेवले आहे. चार-पाच दिवस ते जमते, मग दोन दिवस मी नुसता पडून राहतो. खोलीतल्या मित्राला एखादा विषय समजावून सांगताना मात्र तीन तास कसे जातात कळत नाही. ध्येय फार मोठे आहे, की माझ्यात जिद्द कमी आहे?

उत्तर : दोन्ही नाही. तुमचे ध्येय चुकीच्या वस्तूवर बांधलेले आहे. पहिल्या पन्नासांतला क्रमांक हा इतर हजारो उमेदवार काय लिहितील यावर ठरतो, आणि १४ तास हा फक्त खुर्चीत बसण्याचा आकडा आहे. या दोन्हींच्या मधली गोष्ट, म्हणजे आज जे येत नाही ते सहा आठवड्यांनी यायला हवे, ती तुमच्या ध्येयात कुठेही नाही. मुलाखतींबद्दल एवढेच म्हणेन की १४ तास अभ्यास करूनही निवड न झालेल्यांची मुलाखत कोणी घेत नसतो.

‘ध्येय उंच आणि नेमके ठेवा’ हा सल्ला पोकळ नाही. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या दोघांनी काही दशकांच्या अभ्यासातून तो पक्का केला आहे. लेथम यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे : अमेरिकेत लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या ट्रकांवर कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या ६० टक्केच माल भरला जात होता, चालकांना ‘जमेल तेवढे भरा’ असे सांगून फरक पडत नव्हता, ९४ टक्क्यांचे नेमके उद्दिष्ट दिल्यावर प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचले आणि टिकले. पण ट्रक भरणे त्या चालकांना येत होते. जे काम अजून शिकायचे आहे त्यात चित्र उलटे होते. रूथ कॅनफर आणि फिलिप ॲकरमन यांनी १९८९ मध्ये अमेरिकी हवाई दलातील प्रशिक्षणार्थींना विमान वाहतूक नियंत्रणाचे कृत्रिम काम दिले, तेव्हा अगदी सुरुवातीला ठरावीक गुणसंख्येचे उद्दिष्ट मिळालेल्यांची कामगिरी खालावली, आणि तेच उद्दिष्ट काम हाताला बसल्यावर दिले असता उपयोगी पडले. शिकण्याच्या काळात सगळे लक्ष आकड्याकडे गेले की शिकायला लक्ष उरत नाही.

तुमच्या बाबतीत हे आज अधिकच लागू आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ होती तोवर तुम्ही पर्याय निवडण्याचा सराव केला. आता ती वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे उत्तर मुद्देसूद लिहिणे हे कौशल्य तुम्हाला जवळजवळ नव्याने मिळवायचे आहे. म्हणून पुढील सहा आठवड्यांपुरता क्रमांकाचा विचार बाजूला ठेवून शिकण्याचे ध्येय ठेवा. उदाहरणार्थ, ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीवरील प्रश्नाचे उत्तर तीन वेगवेगळ्या प्रकारे कसे रचता येईल ते शोधायचे, त्यांतील कोणती रचना ठरलेल्या वेळेत बसते ते घड्याळ लावून पाहायचे, आणि जाणकाराकडून तपासून घ्यायचे. यात रोज किती तास गेले हे मोजू नका, किती उत्तरे लिहिली आणि मागच्यापेक्षा पुढच्यात काय सुधारले ते मोजा. हात बसला की मग गुणांचे उद्दिष्ट जरूर ठेवा, आणि ते बेताचे नव्हे, उंचच ठेवा.

मित्राला समजावून सांगताना तीन तास जातात, हे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात, पण माझ्या मते तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती तीच आहे. डेसी आणि रायन यांच्या सिद्धांतानुसार माणसाची प्रेरणा तीन गरजांवर पोसली जाते : निर्णय आपला असावा, आपल्याला काही येते आहे असे जाणवावे, आणि कोणाशी तरी नाते असावे. बंद दारामागचे १४ तास यांपैकी तिसरी गरज पूर्णपणे नाकारतात, आणि वेळापत्रक दुसऱ्याच्या मुलाखतीतून उचललेले असल्यामुळे पहिलीही. सकाळी स्वतः वाचलेला घटक संध्याकाळी मित्राला समजावून सांगायचा, हा दिवसाचा गाभा ठेवा आणि बाकी अभ्यास त्याभोवती लावा. तुमची अभ्यासाची पद्धत तीच आहे. अभिनंदनाच्या फलकावर झळकलेल्या कोणा उमेदवाराची वेगळी असेल.

आणखी एक गोष्ट विचारतो, ती थोडी टोचेल. निवड झाल्याचे गावात कोणालाच कळणार नसेल, तरीही हेच काम तुम्हाला करावेसे वाटेल का? उत्तर होय असेल तर उत्तमच. नाही असेल, तर प्रयत्न किती करायचे आणि कोणत्या वर्षी थांबायचे हे निकालाच्या दुसऱ्या दिवशी नव्हे, आजच शांतपणे ठरवून घरच्यांना कळवा. तसे ठरवल्याने अभ्यासावरचे लक्ष कमी होत नाही, उलट रोजच्या धाकातून सुटका होते.

प्रश्न : वय ६८, सांगली. निवृत्तीनंतर मी सकाळी बागकाम करतो, दुपारी वाचतो, संध्याकाळी पेटी वाजवतो. मुलगा म्हणतो, ‘बाबा, काहीतरी ध्येय ठेवा, नाहीतर मन गंजेल.’ खरेच ध्येय हवे का?

उत्तर : आपल्या पत्रात गंजल्याची एकही खूण दिसत नाही. जे काम त्यातल्या गोडीनेच होत आहे त्याला मोजमाप लावण्याची गरज नसते, कधी कधी त्याने गोडी कमीही होते. पेटीवर एखादा अवघड राग बसवण्याची आपल्यालाच ओढ लागली, तर तेव्हा जरूर ठरवावे; चिरंजीवांच्या समाधानासाठी ठरवू नये.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. लहानपणापासून ती गणिताची कोडी स्वतःहून सोडवत असे, सुट्टीतही. या वर्षी मी तिला म्हटले, ‘गणितात ९५ गुण आण, स्मार्टफोन घेऊन देतो.’ तेव्हापासून ती अभ्यास करते, पण कोणतेही उदाहरण दाखवले की ‘हे परीक्षेला येणार आहे का?’ एवढेच विचारते. माझे काही चुकले का? (जळगाव)

उत्तर : हेतू चुकला नाही, पण परिणाम अपेक्षितच होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत १९७३ मध्ये झालेला प्रयोग पालकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. मुळातच चित्रे काढण्याची आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, काहींना न सांगता नंतर अचानक दिले, काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिले असता, बक्षिसाच्या आशेने काढणारी मुले इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांवर घालवत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. आवड नसलेल्या कामात बक्षिसाचा थोडाफार उपयोग होतो, आवड असलेल्या कामात मूल ‘मी हे कशासाठी करते?’ या प्रश्नाचे आपले जुने उत्तर सोडून नवे उत्तर धरते. तुमच्या मुलीने नेमके तेच केले आहे.

दिलेला शब्द आता मोडू नका. फोन घेण्याची तुमची तयारी असेलच, तर गुणांची अट काढून टाका आणि तिला तसे सरळ सांगा. गणितापुरते ध्येय तिचे तिलाच ठरवू द्या, आणि ते जवळचे असू द्या. आल्बर्ट बांडुरा आणि डेल शुंक यांनी १९८१ मध्ये वजाबाकीत कच्च्या मुलांना सात बैठकांत ४२ पाने सोडवायला दिली होती. ‘प्रत्येक बैठकीत सहा पाने’ असे सांगितलेल्या मुलांनी ‘शेवटपर्यंत ४२ पाने’ असे सांगितलेल्यांपेक्षा गणितही अधिक शिकून घेतले आणि त्यांची गणितातली गोडीही अधिक वाढली. काम सारखेच होते, पण आपल्याला जमते आहे हे पहिल्या गटाला दर बैठकीला कळत होते. तुमची मुलगी कच्ची नाही, त्यामुळे तिच्यासाठी पाने नकोत. आठवड्याला एक असे कोडे पुरे, जे सुटायला दोन-तीन दिवस लागतील आणि जे परीक्षेला नक्की येणार नाही. ते तुम्हीही सोडवायला बसा.

प्रश्न : इचलकरंजीत आम्हा दोघा भावांचे यंत्रमाग आहेत, बहुतेक काम खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने, चालते. मी दरवर्षी उलाढाल दुप्पट करण्याचे ठरवतो, मोठ्या भावाचे म्हणणे असते की आहे ते चालू राहिले तरी पुष्कळ. माझे उद्दिष्ट तीन महिन्यांत कोसळते, त्याचे नेहमी पूर्ण होते, आणि धंदा आहे तिथेच राहतो. कोणाचे बरोबर?

उत्तर : डेव्हिड मॅक्लेलंड हे हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ एक साधा खेळ खेळायला देत असत : खुंटीवर कड्या फेकायच्या, किती अंतरावरून ते आपण ठरवायचे. काही जण खुंटीला जवळजवळ चिकटून उभे राहत, काही इतके दूर की कडी पडलीच तर नशिबाने. ज्यांना काम उत्तम करून दाखवण्याची खरी ओढ होती ते मधल्या अंतरावर उभे राहत, जिथे कडी पडणे अवघड असे पण आपल्या कौशल्यावर अवलंबून असे. तुम्ही लांब उभे आहात आणि दादा खुंटीला टेकून. दोन्ही जागांचा एक फायदा सारखाच आहे, तो म्हणजे अपयशाचा दोष अंगावर येत नाही : दादांना अपयश येतच नाही, आणि तुमचे आले तर ‘उद्दिष्टच प्रचंड होते’ असे म्हणता येते.

हे केवळ खेळापुरते नव्हते. मॅक्लेलंड आणि त्यांचे सहकारी डेव्हिड विंटर यांनी १९६० च्या दशकात आंध्रातील काकिनाडा येथील छोट्या व्यापारी-उद्योजकांसाठी हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत काही दिवसांचे वर्ग घेतले. बेताच्या जोखमीचे आणि मोजता येईल असे उद्दिष्ट स्वतः ठरवणे, हा त्यांतील एक मुख्य भाग होता. प्रशिक्षण घेतलेल्यांनी नंतर नवे उद्योग सुरू करणे, गुंतवणूक वाढवणे, माणसे कामाला घेणे या बाबतीत प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा अधिक हालचाल केली. बाजारपेठ आणि भांडवल यांचे प्रश्न अशा वर्गांनी सुटत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

उलाढाल हा आकडा तुमच्यासाठी मुळातच योग्य नाही. खर्चीवर काम करणाऱ्याच्या हातात सुताचा दरही नसतो आणि मजुरीचा दरही पूर्णपणे नसतो. बाजार पडला की तुमचे उद्दिष्ट तुमचा दोष नसताना कोसळते, आणि चढला की श्रेयही तुमचे नसते. अशा आकड्यावर जिद्दी माणसाचे मन फार काळ टिकत नाही, कारण आपल्या कष्टाचा परिणाम त्याला त्यात दिसत नाही. माग किती वेळ बंद राहतो, एका पाळीत एका मागावर किती मीटर कापड निघते, त्यातले किती खराब म्हणून परत येते, हे आकडे तुमच्या आणि माग नीट चालते ठेवणाऱ्या तुमच्या जॉबरच्या हातातले आहेत आणि ते रोज संध्याकाळी कळतात. सहा महिन्यांत खराब मालाचे प्रमाण किती खाली आणता येईल, हे मधल्या अंतरावरचे उद्दिष्ट होऊ शकेल.

ते ठरवायला दादांना बरोबर घ्या. त्यांचा कल आहे ते टिकवण्याकडे आहे, आणि परत येणारा माल थांबवणे म्हणजे आहे तेच टिकवणे, हे त्यांना पटायला जड जाणार नाही. तुम्हाला तेच काम दर महिन्याला सुधारणारा आकडा म्हणून आवडेल. एकाच वहीतल्या एकाच आकड्याकडे दोघांनी आपापल्या नजरेने पाहायला हरकत नाही. आज खराब मालाचे प्रमाण नेमके किती आहे ते पत्रात नाही. नोंदच होत नसेल तर पहिला महिना कोणतेही उद्दिष्ट न ठेवता फक्त नोंदी करा, आणि कडी किती अंतरावरून फेकायची ते महिन्याअखेर ठरवा.